मामाची चार मिनिटं

"नवीन व्हिडिओ मोबाईलवर पाठव ना," असं कुणी मामाला म्हणालं की तो आधी त्याचा मोबाईल मागून घ्यायचा, पालथा करून टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "ह्याच्यात बगायचा असंल तर नको बगू." एवढं बोलून परत कामाला लागायचा. चिडलेला अजिबात नसायचा. चिडण्याचं खातं त्याने पहिल्यापासून माझ्याकडे सोपवलं होतं आणि ते मी अजून इमानेइतबारे सांभाळते आहे.

मामा आमच्यापैकी कुणाचाच मामा नव्हता. मुरब्याच्या मच्छीमार घरातला माणूस, पालघरला स्टेशनजवळच्या एका गाळ्यात लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायचा. गुलाब उमलतो आणि आतून नवरी निघते, चंद्रात बसून नवरदेव हसतो, ते सगळं. आम्ही बोईसरची सहा-सात पोरं, बहुतेकांचे बाप तारापूरच्या कारखान्यांत. माझे वडील साताऱ्याकडून वीजकेंद्रातल्या नोकरीसाठी आलेले. जपानी ॲनिमे बघायचं, त्यातली दृश्यं कापायची, जोडायची आणि त्यावर आपल्या आवडीचं गाणं चढवायचं, हे आमचं वेड. त्या व्हिडिओला आम्ही एएमव्ही म्हणायचो. घरचे त्याला काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. मामा आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, त्यालाही हेच वेड, आणि त्याच्याकडे दणकट कॉम्प्युटर. झाला आमचा मामा.

ॲनिमेला तो कायम कार्टूनच म्हणायचा. आम्ही तडतडायचो. "मामा, कार्टून लहान मुलांचं असतं." तो म्हणायचा, "मंग तुमी कोण मोठे लागून गेलात?"

माझा पहिला व्हिडिओ फार दुःखी होता. नायकाचा मित्र मरतो, पाऊस पडतो, गाणंही रडकं. मी रडत रडतच तो जोडला होता. मामाने मध्येच थांबवला आणि पडद्याच्या खालच्या बाजूला बोट ठेवलं. मूळ भागातल्या संवादांची इंग्रजी अक्षरं कापायची राहिली होती. मित्र प्राण सोडत होता आणि खाली लिहिलं होतं की मला शेवयांचा अजून एक वाडगा द्या. मी तो प्रसंग दुसऱ्या भागातून उचलून आणला होता, ओठ हलतात म्हणून. "हा मरतोय का जेवण मागतोय?" मामाने विचारलं. पोरं गडबडा लोळली. मी आठवडाभर त्या गाळ्यात पाऊल टाकलं नाही, मग निमूट जाऊन सगळा व्हिडिओ पुन्हा केला.

तालावर कापाकापी करणाऱ्यांचा त्याला मनस्वी कंटाळा. "ढोल वाजला की काप, ढोल वाजला की काप. मी लग्नात हेच करतो, त्याचे पैशे घेतो. हितं कशाला करू?" एखादी बाई दारात उभी असेल तर तिला तो पुरती उभी राहू द्यायचा. लग्नाच्या व्हिडिओतही नवरीच्या आईचा चेहरा जरा जास्त वेळ ठेवायचा आणि गिऱ्हाईक बोंबलत यायचं, की हे काढा आणि नवरा-नवरीचं गाणं वाढवा. काढायचा बिचारा.

त्याचा दुसरा नियम मला कधीच पटला नाही. पुरा झालेला व्हिडिओ हॉलच्या पडद्यावर लागायच्या आधी कुणालाही दाखवायचा नाही, आम्हालाही नाही. कच्चा तुकडा विचारा, दाखवेल. अख्खा नाही. अपवाद एक, त्याची आई. तिला ॲनिमेतलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणूनच तो तिला बसवायचा. तिने "हा कोण रे?" असं विचारलं की व्हिडिओ फसला, पुन्हा बसा. तिने "मंग फुडं काय झालं?" विचारलं की पास.

मुंबईला दरवर्षी ॲनिमेवाल्यांचं मोठं संमेलन भरायचं, आम्ही त्याला कॉन म्हणायचो. तिथे एएमव्हींची स्पर्धा असायची. हॉलमध्ये अंधार करायचे, प्रत्येक व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत लावायचे आणि चारशे पोरं गप्प बसून बघायची. गप्प बसून. आज सांगितलं तर खोटं वाटेल. मामा मागे दाराशी उभा राहून पडद्याऐवजी लोकांची डोकी बघायचा. बक्षीस त्याला क्वचितच मिळालं, पण एकही डोकं खाली वळलं नाही की स्वारी खूश.

मग मोबाईल आले डोक्यांच्या जागी. स्पर्धेत उभे व्हिडिओ आले, पंचेचाळीस सेकंदांचे. गाणी ठरवून दिलेली, सध्या गाजणारी. कापायचं कुठे हेही ॲपच सांगणार, तुम्ही फक्त चित्रं ओता. आडव्या-उभ्याशी माझं भांडण नाही. पंचेचाळीस सेकंदांत जीव ओतणारी पोरं आहेत, मी पाहिली आहेत. माझं भांडण दुसऱ्याच्या कामाला विळी लावणाऱ्यांशी आहे.

मग एका वर्षी त्यांनी जाहीर केलं, लांब व्हिडिओंचा विभाग यंदा शेवटचा, पुढल्या वर्षीपासून बंद. मामा कामाला लागला. त्याच्या लहानपणी एकदा वडिलांची बोट दोन दिवस उशिरा आली होती. वडील आले, नंतर चांगले म्हातारे होऊन घरातच वारले. पण ते दोन दिवस आई मुरब्याच्या किनाऱ्यावर कशी उभी होती ते त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. ॲनिमेंतल्या वाट बघणाऱ्या बायका त्याने शोधून काढल्या. खिडकीतल्या, धक्क्यावरच्या, चुलीपुढच्या. व्हिडिओ चार मिनिटांचा. बोट यायची ती अगदी शेवटी. झाल्यावर आईला दाखवला. मी विचारलं, काय म्हणाली? "काय बोलली नाय. उठली नि भात लावला, बाबा आला तवा लावला तसा." तो इतका आनंदात मला पुन्हा दिसला नाही.

मी त्या हॉलमध्ये जाऊन बसले ते चार मिनिटं बघायला. निवेदक ओरडला, लांब विभाग वेळेअभावी रद्द, पण त्यातला बेस्ट व्हिडिओ आम्ही तुमच्यासाठी कापून आणलाय. पडद्यावर एक उभी पट्टी उमटली. बोट आली, पाणी उडालं, कुणी कुणाला तरी मिठी मारली. मिठी मारणारी बाई अर्धी पट्टीबाहेर. वर धांगडधिंगा गाणं, मामाचं नव्हेच. वाट बघणं सगळं फेकून दिलं होतं मेल्यांनी, नुसतं येणं ठेवलं होतं. हॉल शिट्ट्यांनी दणाणला. पहिला नंबर मामाचा.

मामा स्टेजवर गेला. ट्रॉफी हातात घेऊन माईकमध्ये म्हणाला, "हा माझा नाय. माझा चार मिनिटांचा हाय. तो लावा." निवेदक हसला. "भैया, चार मिनट किसके पास है?" सगळा हॉल हसला. मी तोवर आयोजकांच्या टेबलापाशी पोचले होते. लॅपटॉपवाली मुलगी मला शांतपणे म्हणाली, "नियमांत आहे ना, आम्ही कापू शकतो. आणि जिंकलात की तुम्ही." जिंकलात की! मी तिला जे बोलले ते बोलले, त्याचा मला पश्चात्ताप नाही. मूळ फाईल मागितली. ती म्हणाली, पंचेचाळीस सेकंदांची काढल्यावर मोठ्या फायली आम्ही ठेवत नाही. मामाने मला दंडाला धरून बाहेर नेलं. ट्रॉफी बाहेरच्या पाण्याच्या टाकीवर ठेवली आणि म्हणाला, "चल, चहा पिऊ."

मी गप्प बसणारी नाही. बोईसरला एका शाळेचा हॉल मागितला, प्रोजेक्टर मिळवला, जुनी सगळी पोरं गोळा केली. मामाच्या आईला आणायला रिक्षाही सांगितली. आणि ही बातमी द्यायला गाळ्यात गेले. मामा एका नवरीला गुलाबात बसवत होता.

"फाईल दे. अख्खा लावायचाय," मी म्हटलं.

"नाय ती."

"म्हणजे?"

"सफाळ्याच्या लग्नाचं तीन दिवसांचं शूटिंग आलं. डिस्क भरली होती. जागा केली."

"पुसलास तू?"

"कोण बगणार हाय, चार मिन्टं?"

मी काय काय बोलले ते आठवत नाही. नवरी गुलाबात बसली, त्याने पुढची पाकळी लावली. माझ्याकडे मान वळवली नाही.

मामा अजून लग्नं करतो, आता मोबाईलसाठी उभी करतो म्हणे. मी त्या गाळ्यावरून जाते, आत जात नाही. कॉनवाल्यांवरचा माझा राग लोकांना कळतो, मामावरचा कळत नाही. त्याचं नुकसान झालं, तू कशाला चिडतेस, असं विचारतात. चिडू नको तर काय करू? चार मिनिटं बसून बघणारं एक माणूस त्याच्याकडे होतं, आणि पुसण्याआधी त्याने मला विचारलंसुद्धा नाही.