मालोजीचा कार्बोरेटर

कशेळ्याच्या मालोजी म्हसेला निवांत बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्यानं पुढं यावं आणि तसं सांगावं. हा माणूस चहा उभ्यानं प्यायचा, जेवता जेवता उठून नळाची गळती बघायचा, आणि कुणाच्या मयतीला गेला तर तिथंही बांबू नीट बांधलेत का ते तपासत फिरायचा. साजगावच्या कारखान्यात फिटर होता तोवर त्याची ही वळवळ यंत्रांवर निघत असे. निवृत्त झाला आणि ती सगळी अंगणातल्या फियाटवर आली.

फियाट कर्जतच्या एका डॉक्टरकडून घेतलेली, जुनी, दुधी रंगाची. गावातल्या कितीतरी नवऱ्या तिच्यातून सासरी गेल्या. वरच्या ठाकरवाडीतली आवडी तर दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही, मागच्या सीटवरच मोकळी झाली. मालोजीनं सीट धुतली आणि पेढेही स्वतःच वाटले, जणू बाळंतपण फियाटचंच होतं.

पण यंदा दिवाळीनंतर कर्जतहून परतताना त्याला चक्कर आली आणि गाडी बांध फोडून कापलेल्या भाताच्या खाचरात जाऊन थांबली. शेजारी बायको बसलेली, जयवंता. दोघांना खरचटलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी मात्र गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं, आणि डॉक्टरांपेक्षा जयवंता भारी निघाली. तिनं नवऱ्याचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला.

"स्टेरिंगला हात लावनार नाय, असं म्हना."

"अगं, पन..."

"पन नाय नि बिन नाय. म्हना."

मालोजी म्हणाला. तरी तिचं समाधान होईना. नवऱ्याला ती ओळखून होती. "गाडी दारात उभी हाय तवर तुमाला चैन पडायचं नाय," ती म्हणाली. "इकून टाका." खाचरातल्या त्या दिवसापासून ती रात्री दचकून उठत होती, हे मालोजीला ठाऊक होतं. त्यानं मान डोलावली. खालापूरकडं रिसॉर्ट काढलेला हरेश गाडीच्या मागं लागलेलाच होता. त्याला फोनवर शब्द दिला.

शब्द देऊन मालोजी अंगणात गेला, गाडी चालू केली, तर ती खोकायला लागली. दोनदा भुरभुरली आणि बंद पडली. बरेच दिवस उभी राहिल्यानं पेट्रोल आटून कार्बोरेटरात चिकटा धरला होता, रबरं फुगली होती. तसं हरेशला सांगून गाडी देता आली असती. पण मालोजी म्हसेनं खोकणारी गाडी गळ्यात मारली, असं उद्या कुणी म्हणालं असतं तर? त्यानं बोनेट उघडलं आणि कार्बोरेटर खाली उतरवला.

ओटीवर जुनं धोतर पसरून त्यानं एकेक भाग सुटा केला. फ्लोट, सुई, स्प्रिंगा, जेट. जेट म्हणजे पितळेचं बोटाच्या पेराएवढं बोंडूक, पण त्याच्या भोकातूनच इंजिनाला पेट्रोल मोजून मिळतं. नवखा माणूस त्यात तार खुपसतो, भोक मोठं होतं आणि मग गाडी आयुष्यभर जास्तीचं पेट्रोल पिते. मालोजी घोड्याच्या शेपटीचा केस वापरायचा. आवडीचा नवरा नवशा माथेरानला घोडा धरायचा, तो येताना केसांची जुडी आणून द्यायचा. केस आत घालायचा, फिरवायचा, फुंकर मारायची, उजेडाकडं धरून बघायचं. सुई तिच्या घरात बसवून तोंडानं हवा ओढायची, जीभ चिकटून राहिली तर सुई नीट बसते. त्या दिवसांत मालोजीच्या चहालाही पेट्रोलची चव येत होती.

कार्बोरेटर जोडला. गाडी चालू झाली, चांगली चालली, आणि मालोजीनं ती लगेच बंद केली. आता हरेश येणार, किल्ली फिरवणार आणि घेऊन जाणार. त्यानं पुन्हा सगळं खोललं. कशाला? काहीतरी राहिलं असेल म्हणून. पुन्हा जोडलं. जयवंता तांदूळ निवडता निवडता बघत होती. "झालं ना आता?" तिनं विचारलं. "झालं गं झालं," असं म्हणत त्यानं तिसऱ्यांदा पाना हातात घेतला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली होती. शब्द मोडायचा नव्हता आणि गाडी जायला नको होती.

मग ज्या दिवशी हरेश येणार त्या सकाळी त्यानं एक पाप केलं. आंघोळीच्या साबणाचा इवलासा कण नखानं जेटच्या भोकात दाबला आणि वरून सगळं घट्ट बसवलं. गाडी चालू व्हायची, दोन आचके द्यायची आणि मरायची. हरेश वैतागणार, नको म्हणणार. शब्दही राहणार आणि गाडीही. एवढं करून मालोजी अंगणात येरझाऱ्या घालू लागला, तुळशीपासून फाटकापर्यंत आणि परत. आपल्याच हातानं आपलं काम बिघडवलं, हे त्यानं जन्मात केलं नव्हतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

हरेश टेंपो आणि ओढायचा दोर घेऊनच आला. गाडीभोवती एक चक्कर मारली, टपावर थाप मारली. "काका, रंग झ्याक हाय."

"चालू करून बघ की," मालोजी म्हणाला.

"चालू कशाला? ती काय कुठं जानार हाय?" हरेश हसला. "गेटवर उभी करनार. बोनेटात माती भरून मोगरा लावायचा. लोकं फोटो काढतील बगा."

"आनि इंजिन रं?"

"ते काढून टाकनार. भंगारवाला सांगून ठेवलाय."

चोराच्या मनात चांदणं असं म्हणतात. इथं तर चोराला कुणी विचारतही नव्हतं. ना मालोजीच्या कष्टाला गिऱ्हाईक होतं, ना त्याच्या लबाडीला. गाडी खोकते की गाते, याच्याशी हरेशला काहीच देणंघेणं नव्हतं. मालोजीची कानशिलं तापली. वाटलं, याला टेंपोसकट फाटकाबाहेर काढावा. पण शब्द दिला होता, आणि दारात जयवंता हळदीकुंकवाची ताटली घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"थांब जरा," एवढंच तो हरेशला म्हणाला. बोनेट उचललं, जेट काढला, केसानं साबण खरवडला, फुंकर मारली, परत बसवला. शपथ होती म्हणून आत बसला नाही, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. इंजिन लागलं. अंगणात ते असं एका लयीत चालायला लागलं, की हरेशही बोलायचा थांबला. मालोजी बोनेटवर हात ठेवून उभा राहिला, बराच वेळ. मग त्यानं किल्ली बंद केली आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

जयवंता पुढं आली. गाडीला हळदकुंकू लावलं. मग हरेशकडं वळली.

"गाडी न्या, भाऊ. शब्द दिलाय. पन आमी बैल इकला तर दावं देतो का?"

हरेशही शेतकऱ्याचाच पोर. जनावर विकलं तरी त्याच्या गळ्यातलं दावं कुणी देत नाही, घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. दावं गेलं की गोठ्याची बरकत त्याच्यामागं जाते. त्याच्या आज्यानंही कधी दिलं नव्हतं.

"नाय देत, मावशी," तो म्हणाला. "काय काढायचं ते काढून घ्या."

"काढा वो," जयवंता नवऱ्याला म्हणाली.

मालोजी क्षणभर गोंधळला. काय काढायचं? आरसा? किल्ली? मग त्याच्या ध्यानात आलं. त्यानं पाना घेतला. पेट्रोलची नळी सोडवली, चोकची तार सोडवली, नट काढले. त्याचे हात आता जराही घाई करत नव्हते. कार्बोरेटर जुन्या धोतरात गुंडाळून त्यानं वर उचलला.

टेंपोनं दोर ताणला. फियाट फाटकातून आवाज न करता बाहेर गेली आणि कर्जतच्या रस्त्याला लागली. मालोजीनं तिकडं बघितलं नाही.

"धर गं," तो जयवंताला म्हणाला. "जपून, अजून तापलेला हाय."

तिनं तो दोन्ही हातांनी घेतला. धोतरातूनही चटका बसत होता, पण तिनं तो खाली ठेवला नाही.