अप्पांची नादारी आणि माझं पत्रक

गेली पाच वर्षं हे मी कुणापाशी काढलेलं नाही. बायकोपाशी नाही, ज्यांच्यासोबत भिंती रंगवल्या त्या मित्रांपाशीही नाही. तुम्ही माझी पत्रकं वाचली असतील — किती जणांना मी त्यांत खोटारडं म्हटलं! आता माझं ऐका.

आमचं घर पत्रकांवर वाढलं. वडील नांदेडला छापखान्यात खिळे जुळवायचे. जयंतीची, मोर्चाची पत्रकं गावाआधी आमच्या घरात वाचली जायची. छापलेलं ते खरंच, असं मला लहानपणापासून वाटायचं. म्हणून तर — पण नाही. ते कारण पुढे करायचं नाही.

निलंग्यात माझ्या खोलीशेजारी शिवलिंगअप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. तांब्या-पितळेची भांडी विकायचे आणि गिऱ्हाइकाचं नाव स्वतः छिन्नीनं घालून द्यायचे. मी दिसलो की हाक मारायचे, "काय पत्रकवाले, आज कुणाची खुर्ची पाडली?" त्यांच्या घरात माझा कप वेगळा ठेवलेला नव्हता. हे का सांगतोय? तुम्हाला कळलं असेल.

लातूर नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. लग्नंच लागेनात, तर भांडी कोण घेणार? उलट लोक घरातली भांडी मोडीला आणू लागले. अप्पांवर घाऊक व्यापाऱ्यांचं देणं चढलं, विक्रीकर थकला. शेवटी शिरूर अनंतपाळकडचं शेत त्यांनी विकलं.

"आधी सरकारचं भरतो," ते म्हणाले. "गिऱ्हाइकानं कर म्हणून दिलेला पैसा हाय. माझा न्हाई त्यो."

कराच्या कचेरीत त्यांचा हिशेब लगेच ठरणार नव्हता; जुन्या जिल्ह्यातून फायली अजून यायच्या होत्या. आणि नेमकं तेव्हाच मी पत्रक काढलं — 'दुष्काळात नादारी हा हक्क आहे!' कोर्टानं नादार ठरवलं की असेल-नसेल ते घेणेकऱ्यांत वाटलं जातं आणि माणूस उरलेल्या सगळ्या देण्यातून सुटतो — सरकारी करातूनही, असं मी ठणकावून लिहिलं. कुणाला विचारलं होतं? कुणालाच नाही. ते वाक्य मला आवडलं होतं, एवढंच.

नाव घालून घालून अप्पांची नजर अधू झाली होती, छापील बारीक अक्षर दिसत नसे. त्यांची मुलगी शांता — तिच्याकडून त्यांनी पत्रक वाचून घेतलं. दोनदा.

"करबी सुटतो?"

"छापलंय की, अप्पा," शांता म्हणाली.

पत्रकावर विसंबून अप्पांनी कोर्टात नादारीचा अर्ज द्यायचं ठरवलं. त्याला चार दिवस होते. लातूरला एका वकिलांनी मला बाजूला घेतलं. पत्रक त्यांच्या हातात होतं. "नादारीनं व्यापाऱ्यांचं देणं सुटतं, सरकारचं सुटत नाही. तुमच्या माणसाला कर आधी भरू द्या."

म्हणजे मला माहीत होतं. चार दिवस आधी माहीत होतं.

त्याच संध्याकाळी मी दुकानात गेलो. खरंच सांगायला गेलो होतो का? चार दुकानदार माझं पत्रक घेऊन बसले होते आणि अप्पा त्यांना सांगत होते, "लई हुशार पोरगं हाय आमचं." मी चहा प्यालो. परत आलो. पुढचे तीन दिवस तिकडे फिरकलो नाही.

शेताचा पैसा कोर्टात गेला. कराची मागणी तोवर आलीच नव्हती. पैसा व्यापाऱ्यांत वाटला गेला. देण्यातून मुक्त केल्याचा हुकूम झाला, तेव्हा अप्पा मान खाली घालून म्हणाले, "लाज वाटायलीय, पण हलकं झालं."

वर्षभरानं कराची नोटीस आली, व्याज आणि दंडासकट. अप्पा ती घेऊन माझ्याकडे आले.

"पत्रकवाले, हे कसं झालं?"

आणि मी म्हणालो — "कायदा बदलला, अप्पा. मागाहून बदलला."

कायदा माझ्या जन्माआधीचा होता.

जप्तीत शांताच्या लग्नाची भांडी गेली. नादारीनंतर अप्पांनी आपल्या मेव्हण्याच्या मदतीनं जमवलेली, एकेकावर तिचं नाव घातलेली. लिलावात परक्या नावाची भांडी कोण घेणार? मोडीच्या भावानं गेली. ठरलेलं लग्नही मोडलं.

पुढे एका सभेत कुणीतरी ओरडलं, "अप्पाला बुडवणारा हाच!" मी मंचावर होतो. मागच्या रांगेतून अप्पाच उठले. "पोराला बोलायचं न्हाई! त्यानं बरोबर लिवलं व्हतं. कायदा सरकारनं बदलला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी काय केलं? उभा राहिलो. हात जोडले.

आता अप्पा कंधारच्या बाजारात फुटक्या भांड्यांची भोकं डाग देऊन बुजवत बसतात. निलंग्यात त्यांना तोंड दाखवावंसं वाटत नाही. शांता त्यांच्याजवळच असते. मी एकदा लांबून पाहिलं आणि दुसऱ्या गल्लीनं स्टँडवर गेलो.

माझं लिहिलेलं काहीही छापून आलं की अप्पा अजून विकत घेतात. हेही घेतील. शांता वाचून दाखवील. दोनदा.