गोगलगायींचं वेळापत्रक

"तुका कोणी बोलवल्यान?"

दारात कोणीही आलं की काका असंच स्वागत करायचे. नवखा माणूस ओशाळून मागे फिरायचा. तोवर काका खुर्ची पुढे सरकवून चहा टाकायला आत गेलेले असायचे. असा एखादा तिरसट माणूस तुमच्याही शेजारी असेल. आमच्या कसालमधले हे काका उभा जन्म एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. घरात बोलले तरी रस्त्यावरच्या माणसाने पिशवी उचलून धावावं, असा आवाज.

ते निवृत्त झाले आणि काकूंना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी कशाकडे बघणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. डॉक्टर म्हणाले, त्यांचं मन कशात तरी रमवा. म्हणून पुण्याच्या मुलीने माशांची काचेची टाकी, हवेच्या पंपासकट, आणून खाटेसमोर ठेवली.

"मासो ताटातच बरो," काका कुरकुरले. पण टाकी रोज पुसायचे.

काकू मात्र बघेनात. नजर पोचेपर्यंत मासा सुळकन दुसऱ्या टोकाला गेलेला असायचा. थकून त्या डोळे मिटायच्या.

एकदा काका भगवतीला नारळ ठेवायला धामापूरला गेले आणि येताना तळ्यातलं एक पाणरोप घेऊन आले. दुकानातलं प्लास्टिकचं झाड त्यांना पटत नव्हतं. पंधरवड्यात काचेवर मुगाएवढ्या गोगलगायी दिसू लागल्या आणि बघता बघता त्यांचा गोतावळा झाला.

"तुमका कोणी बोलवल्यान?" काका टाकीवर ओरडले.

मग रोजचा उद्योगच सुरू झाला. संध्याकाळी काकडीची चकती पाण्यात सोडायची, सकाळी तिला चिकटलेल्या गोगलगायी करवंटीत भरायच्या आणि परड्यामागे वाहणाऱ्या व्हाळात भिरकावायच्या. मी हसलो की माझ्यावर डाफरायचे.

एका सकाळी मी गेलो तर काका करवंटी घेऊन टाकीपाशी स्तब्ध उभे. "बघ रे," एवढंच पुटपुटले. त्यांना पुटपुटता येतं हे मला तेव्हा कळलं. काचेवरून एक गोगलगाय सावकाश वर चढत होती आणि काकूंची नजर तिच्याबरोबर वर सरकत होती.

काकडी चालूच राहिली, पण आता पाहुणचार म्हणून. काका खाटेशी उभे राहून स्टँडवरच्या आवाजात पुकारायचे, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. पंपावरून सुटलेली गाडी झाडामार्गे खालच्या कोपऱ्यात जाईल. गाडी थोडी उशिरा धावत आहे." काकूंचं अर्धं तोंड हसायचं. तेवढ्यासाठी हा माणूस दिवसभर नव्या गाड्या शोधत बसायचा. ती दोघं मला फार आवडायची.

गेल्या मार्गशीर्षात काकू गेल्या. मुलीने काकांना पुण्याला न्यायचं ठरवलं. मासे मी ठेवून घेतले. गोगलगायी कोणालाच नको होत्या.

निघायच्या दिवशी दारात गाडी उभी, सामान चढलेलं आणि काकांचा पत्ता नाही. ते मागे व्हाळाकाठी उकिडवे बसले होते. करवंटीतली एकेक गोगलगाय त्यांनी उथळ पाण्यातल्या दगडावर ठेवली होती. शंखातून डोकं काढून एकेक चालू लागली होती. रस्त्यावरून हॉर्न वाजला.

"काकानू, चला. गाडी खोळंबली."

"खोळंबांदे." त्यांनी मान वळवली नाही. "ही एक अजून भायर येवक नाय. तिका सोडून कसो जांव?"

मी त्यांच्या शेजारी बसलो. वर गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला.