वहिनींचा डूख

"वहिनी, मिठावर बंदी आलीय का गं?" हे नणंदेचं शेवटचं खोचक बोलणं. वहिनींनी उत्तर चांगलं परजून ठेवलं होतं. पण त्याच दिवशी नणंद तापाने फणफणून आयसीयूत गेली, नि भांडण अर्धवट राहिलं.

वहिनी त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. तिथेही सगळे त्यांना वहिनीच म्हणत. तपासणीला आलेल्या रक्ताच्या बाटलीत जंतू वाढले की घंटा वाजे, पण जंतू कोणता ते कळायला आणखी दोन दिवस जात. नणंदेचा जंतू वहिनींनीच ओळखला. चालू औषधाला तो भीक घालत नव्हता. तसं लिहिलेला कागद आयसीयूच्या ट्रेमध्ये सकाळपर्यंत पडून राहिला. सकाळी वाचला, पण नणंद पहाटेच गेली होती; तेव्हा वाचून काय उपयोग?

तेव्हापासून वहिनींनी त्या जंतूवर डूख धरला. ट्रेवरही.

पुढे नवं यंत्र आलं. घंटा वाजल्यावर तासाभरात जंतूचं नाव सांगायचं, कुठलं औषध त्याच्यावर चालणार नाही तेही. वहिनी टपूनच होत्या.

एका संध्याकाळी आयसीयूतल्या पाच नंबरच्या खाटेवरच्या बाईची बाटली वाजली. तासाभराने पडद्यावर तेच नाव!

"आलास का मेल्या!" वहिनींनी दात-ओठ खात वर फोन लावला.

"ट्रेमध्ये ठेवा, सकाळी राउंडला बघतो," डॉक्टर म्हणाले.

वहिनी कागद घेऊन तडक जिना चढल्या नि त्यांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"अहो वहिनी, पेशंट तुमच्या कोण लागतात?"

"कुणी नाही. जंतू ओळखीचा आहे. औषध बदला."

"बदलतो. बसा तरी."

"बसायला नाही आले."

नर्सने नवं औषध लावलं. पहिला थेंब पडेपर्यंत वहिनी हलल्या नाहीत. जाताना तो स्टीलचा ट्रे काखोटीला मारून घेऊन गेल्या.

पाचव्या दिवशी काचेतून डोकावल्या, तर ती बाई उशीला टेकून बसलेली नि भावजयीला झापत होती, "ही उशी आणलीस? दगड परवडला!"

"आजाऱ्याने तोंडालाही आराम द्यावा, वन्सं!"

वहिनी खुदकन हसल्या. खाली येऊन त्यांनी तो जंतू वाढवलेली बशी ट्रेसकट जंतू मारायच्या वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये घातली. काम मदतनीस बाईंचं, पण आज कुणाला हात लावू दिला नाही. झाकण आवळलं. वाफ फुसफुसायला लागली, तशा स्टूल ओढून समोर बसल्या.

"शीज मेल्या," म्हणाल्या. मग जरा हळू आवाजात, "आणि वन्सं, मीठ बरोबर होतं. तुमची जीभच खारट."