दादाच्या कॅमेऱ्याचा काटा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या घरी झालेल्या एका मृत्यूचं खरं कारण मी आज उघड करतो आहे. मृत्यू एका काट्याचा. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि तिला तर मी तिच्या कढीबद्दलसुद्धा खरं सांगून बसलेला माणूस.

माझा थोरला भाऊ, दादा, फोटो काढायचा. रिळाचा जुना कॅमेरा, वर इवलीशी खिडकी, खिडकीत काटा. उजेड भरपूर असला की काटा वर, कमी असला की खाली. दादाचा त्या काट्यावर आमच्यापेक्षा जास्त विश्वास. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो काटा खाली पडला तो उठेचना.

दादाने काय करायचं बाकी ठेवलं? नवा सेल घातला. सेलच्या खोबणीतली पितळी पट्टी खोडरबराने घासली. गच्चीवर जाऊन कॅमेरा सूर्याकडे धरला, खाली येऊन ट्यूबलाइटकडे धरला. काटा ढिम्म. मी शेजारी उभा राहून विचारत होतो, सेल उलटा तर नाही ना घातलास? इतक्या निरागसपणे, की आज माझं मलाच कळत नाही — मला माहीत नव्हतं, की माहीत होतं?

कारण आदल्या दिवशी पूजा मी केली होती.

आमचे पूर्वज शिपाईगिरी करत झाशीला आले. शस्त्रांपैकी आता एक तलवार उरली आहे; दसऱ्याला तिच्या शेजारी लेखण्या, शिलाई मशीन आणि दादाचा कॅमेरा मांडतात. तलवार म्यानातून काढूनच पुजायची, हा घरचा नियम. मग कॅमेरा मिटलेला कसा पुजायचा? कुणी सांगितलं होतं मला? पण नाण्याने तळाचं झाकण फिरवलं, सेल काढून ताम्हणात ठेवला आणि खणखणीत मंत्र म्हणत त्या उघड्या भोकावर पळीभर पाणी, कुंकू, अक्षता. नंतर सगळं पुसून जिथल्या तिथे. कॅमेरा उचलला तेव्हा आत काहीतरी खुळखुळलं. मला वाटलं — नाही, काही वाटलं नाही. वाटू दिलं नाही.

दादाला मात्र आठवलं, महिन्यापूर्वी सीपरी बाजारातल्या कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या रईसभैयांनी कॅमेरा साफ करून दिला होता. झालं. त्यांनीच बिघडवला हे आमच्या घरात ठरलं, आणि झाशीतल्या मराठी घरांत तेच ठरायला एक हळदीकुंकू पुरलं. रईसभैया दोनदा खंडेराव गेटला आमच्या दारी आले. एक बार खोलकर देख लेने दीजिए, एवढंच म्हणत होते. दादाने दारातूनच परत पाठवलं. मी आत, पडद्यामागे. मान डोलवत होतो — कुणासाठी डोलवत होतो? पुढे आमच्यातलं कुणी त्यांच्या दुकानाची पायरी चढलं नाही.

बावीस वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात पुतणीने हट्ट धरला, तिला तोच कॅमेरा चालू हवा होता. असलं काम जाणणारे रईसभैयाच तेवढे उरलेत. दादा, ती आणि मी, तिघं गेलो. रईसभैया आता थकलेत, पण हात स्थिर. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, तळाचा सगळा पत्राच काढला, पितळी पट्टीच्या मागे चिमटा घातला आणि एक दाणा पांढऱ्या कागदावर ठेवला. तांदळाचा. वाळलेला, लालसर.

दादाने दाण्याकडे पाहिलं, मग रईसभैयांकडे, मग माझ्याकडे. एक वाक्य पुरलं असतं. माझ्यापाशी ते तयारही होतं, बावीस वर्षं घोटून ठेवलेलं. मी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते हे —

“भैया, इतना बारीक चावल तो हमारे घर आता ही नहीं.”