अळणी श्रावण

फाटा अजून दीड कोस राहिला होता आणि कमलम्मा तिसऱ्यांदा खाली टेकली. नदीच्या पात्रातच. पात्र आपलं म्हणायचं. पाणी जाऊन दोन वर्षं होत आली होती. बायकांनी वाळूत कंबरभर झिरे खोदले होते आणि एकेका झिऱ्यात एकेक बाई उतरून वाटीवाटीनं घागर भरत होती.

"अक्का, उठा. साडेनऊची गाडी गेली तर मग दुपारशिवाय न्हाई," सिंधु म्हणाली.

"न्हाई जात. गाडीचा तोल काय माझ्यासारखा गेला न्हाई, वाटंत बसाय. थांबली तर फाट्यावरच थांबंल." कमलम्मा आपल्याच बोलण्यावर हसली. हसताना तिची हनुवटी थरथरली. हात तर सारखेच थरथरत असत.

चार दिवसांपासून सिंधु तिच्या हसण्याकडं लक्ष ठेवून होती. कोंबडा आरवायच्या आधी उठून कमलम्मानं घरातली सगळी भांडी राखेनं घासून काढली होती. थोरल्या लेकीच्या लग्नात गावजेवण घालायचं, असं तिनं बोलूनही दाखवलं होतं. लग्न अजून ठरायचं होतं. पाडव्यानंतर पाहुणे बघायला येणार होते, एवढंच.

"येऊन राहिलंय, सिंधु," ती परवा चुलीपुढं बसून म्हणाली होती. "मला कळतंय. समदं चांगलं दिसाय लागलंय."

म्हणून दोघी लातूरला निघाल्या होत्या. डॉक्टरांकडून ती जुनी गोळी परत मागायची. मिळाली तर ठीक. नाही मिळाली, तर पाहुणे यायच्या आत नवरा तिला पुन्हा त्या ठिकाणी नेऊन ठेवणार होता, जिथं अशा माणसांना साखळीनं बांधतात. त्यानं ते आरडाओरडा करून सांगितलं नव्हतं. वहीत उधारी मांडावी तशा आवाजात सांगितलं होतं.

सिंधु गावच्या उपकेंद्राची नर्स. मूळची मुदखेडची, रेल्वेच्या शिट्ट्यांत वाढलेली. ती बदलून आली तेव्हा लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. कचेऱ्यांच्या पाट्यांवर उस्मानाबाद पुसून लातूर रंगवलं होतं, आणि उन्हात उभं राहिलं की खालची अक्षरं वर दिसत. गावात तिला महादेवप्पा दुकानदाराच्या घरातली एक खोली मिळाली. कमलम्मा ही त्याची बायको. सिंधुपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, दुकानात माल तोलायला बसली तर महादेवप्पापेक्षा चोख, आणि तोंडानं फटकळ. लिंगायताचं घर. रोज सकाळी आंघोळ झाली की कमलम्मा कपाळाला विभूती लावून बसे, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेई आणि त्याच्याकडं बघत राही. सिंधुचा देव्हारा म्हणजे ट्रंकेवर मांडलेली एक तसबीर आणि निरांजन. ती दाराआडूनच कमलम्माच्या तळहाताला हात जोडायची.

पहिल्यांदा झालं ते सिंधुच्या डोळ्यांदेखत झालं. कमलम्मा आठ दिवस झोपली नाही. नवव्या दिवशी उजाडता उजाडता तिनं दुकानाच्या फळ्या काढल्या, गल्लीला हाका मारल्या आणि साखर, गूळ, खोबरं लोकांच्या पदरात घालत सुटली. लोकांनी घेतलं. नको कुणीच म्हटलं नाही. शेवटी "माझा महादेव तहानलाय" असं म्हणत तिनं गळ्यातला दोरा तोडला आणि लिंग विहिरीत सोडलं. लिंगायताच्या गळ्यात ते जन्मल्यावर येतं आणि त्याच्याबरोबरच मातीत जातं; मधे दुसऱ्या कुणी त्याला शिवायचंही नसतं. मठाचे स्वामी दुसरं लिंग घेऊन आले. तोवर ती भिंतीकडं तोंड करून निजली होती. लिंग घ्यायला उठलीच नाही; चार महिने तशीच निजली. मग महादेवप्पानं तिला त्या ठिकाणी नेलं. चाळीस दिवसांनी आणलं तेव्हा उजव्या घोट्याभोवती काळा वळ होता. त्या पायात तिनं पुन्हा पैंजण घातलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात विहीर आटली, गाळ काढला. कमलम्मा काठावर बसून प्रत्येक टोपली हातानं चाळत होती. सापडलं नाही. मग स्वामींनी दिलेलं दुसरं तिनं गळ्यात घातलं.

लातूरला महिन्यातून एकदा मनाच्या आजाराचे डॉक्टर येतात हे सिंधुला मीटिंगमध्ये कळलं. महादेवप्पाला पटवायला तिचं एक वर्ष गेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यांचं मन भलतंच वर चढतं आणि मग तितकंच खाली उतरतं. करणी नाही, कुणाचा कोप नाही, यांचा दोष तर अजिबात नाही. आजार आहे आणि त्याला गोळी आहे." लिथियम नाव होतं गोळीचं. रोज घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं, अधूनमधून रक्त तपासायचं. मिठाचं काही ते बोलले नाहीत. मिठाशिवाय कुणी जेवत असेल असं त्यांच्या मनात कशाला येईल?

आठ महिने चांगले गेले. कमलम्मा परत कमलम्मा झाली. उधारी मागायला आलेल्याला घालवून देऊ लागली, सिंधुच्या भाकरीला नावं ठेवू लागली.

मग तो श्रावण आला. आभाळ कोरडं ते कोरडंच. पाणी टँकरचं, माणशी दोन घागरी. गल्लीतल्या बायकांनी ठरवलं, सबंध महिना अळणी धरायचा. एकवेळ जेवण, त्यात मिठाचा कण नाही. महादेवाला पाऊस मागायचा. पुढाकार कमलम्माच्या सासूचा, गौरम्माचा.

"सिंधु, गोळ्या चालू हायत. धरू का अळणी?" कमलम्मानं विचारलं.

"धरा की, अक्का. मीठ कमी केलेलं चांगलंच असतं," सिंधु म्हणाली. ट्रेनिंगमध्ये तिनं रक्तदाबाच्या धड्यात हेच पाठ केलं होतं. शिवाय तिनं स्वतःही अळणी धरला होता.

पंधराव्या दिवशी पूजेला बसलेल्या कमलम्माच्या तळहातावर लिंग हललं. हात स्थिर ठेवायला गेली तशी आणखी हललं. गौरम्मानं पाहिलं आणि ओरडली, "व्रत पावलं गं! लिंग हलतंय!" बायका धावत आल्या. कुणी कमलम्माच्या पाया पडलं, कुणी कुंकू लावलं. सिंधुनंही दारातून हात जोडले. नर्स असून तिला तो हात दिसला नाही, लिंगच दिसलं.

चार दिवसांनी जुलाब सुरू झाले. टँकरचं पाणी बाधलं असेल म्हणून सिंधुनं साखर-मिठाचं पाणी करून नेलं. कमलम्मानं तोंड फिरवलं. "मीठ न्हाई चालत," ती जड जिभेनं म्हणाली. देवाचं व्रत मोडायला लावणारी आपण कोण, असं सिंधुला वाटलं. तिनं ते पाणी सांडू न देता गल्लीतल्या पोरांना पाजलं आणि नुसती साखर घालून दुसरं केलं. दुसऱ्या दिवशी कमलम्मा उंबऱ्यात पडली ती उठलीच नाही. ट्रॅक्टरवर घालून लातूरला नेली.

तिथं शिरेतून सलाईन लावलं. बाटलीत काय असतं हे सिंधुला ठाऊक होतं. मिठाचंच पाणी. डॉक्टर त्या दिवशी आलेले होते, हे नशीब. त्यांनी समजावून सांगितलं, "ही गोळी म्हणजे एक क्षारच. शरीराला जेवणातलं मीठ मिळेनासं झालं, की ते या क्षाराला बाहेर सोडत नाही, धरून ठेवतं. वर पाणी कमी. अंगात साठून साठून विष झालं." मग वाकून कमलम्माला विचारलं, "बाई, मीठ सोडायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

सिंधु खाटेच्या पायथ्याशी उभी होती.

"महादेवानं," कमलम्मा म्हणाली.

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. धरा की, असं आपणच म्हटलं हे सिंधुनं सांगितलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

कमलम्मा जगली. पण हातांचा कंप राहिला, तोल गेला तो गेलाच, जीभ शब्दाशब्दाला अडखळू लागली. गोळी बंद झाली. आणि पाऊस आलाच नाही.

फाट्यावर पोचल्या तेव्हा गाडी यायची होती. चहाच्या टपरीवर अण्णाराव बसला होता, गावचाच, दिवसभर तिथंच असायचा.

"काय कमलम्मा, दुकान पुन्हा कवा उघडून राहिलात? पोरीच्या घरी साखर लागून राहिली."

"मागल्या बारीला दोन शेर नेलीस की, अण्णाराव. एवढी साखर खाऊनबी तोंड कडूच?"

टपरीवाला फिदीफिदी हसला. अण्णाराव म्हणाला, "नर्सबाई, सांभाळा बरं का. आज चढलंय जरा." सिंधुनं कमलम्माचा दंड धरून तिला पलीकडं नेलं. बोटांखाली नाडी जोरात पळत होती.

लातूरला दोन तास रांगेत बसल्या. एक बाप आपल्या आठ-नऊ वर्षांच्या पोरीला घेऊन बसला होता. पोरगी एकटक पंख्याकडं बघत होती आणि तो तिच्या दंडातला ताईत पुन्हा पुन्हा वर सरकवत होता. कमलम्मानं पोरीला चोळीतला खडीसाखरेचा खडा दिला. पोरीनं तो बघितलाही नाही.

डॉक्टरांनी कमलम्माला हात पुढं धरायला सांगितलं. एका रेषेत चालायला लावलं. ती चौथ्या पावलाला भिंतीवर गेली.

"साहेब, ती पांढरी गोळीच द्या," कमलम्मा म्हणाली. "मीठ खाते. मुठीनं खाते."

"गावात पाणी किती मिळतं, सिस्टर?" डॉक्टरांनी विचारलं.

"टँकर आला तर माणशी दोन घागरी. चार दिवस झाले, आला न्हाई."

"मग मी ही गोळी कशी देऊ? एकदा बाधलीय. रक्त तपासायला बाहेरगावी पाठवावं लागतं, निकाल यायला महिना जातो. दुसऱ्यांदा झालं तर वाचणार नाहीत." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "दुसऱ्या गोळ्या देतो. झोप लागेल. अंग जड होईल. आजार आला तर थोडा आवरेल. येणं मात्र थांबणार नाही."

"आणि पुढच्या महिन्यात आणू का यांना?"

"पुढच्या महिन्यापासून माझी इकडची फेरी बंद आहे. कोण येणार ते अजून ठरलं नाही." ते कागदावर काहीतरी लिहीत राहिले, मग मान वर न करता म्हणाले, "माफ करा."

परतीच्या वाटेला ऊन कलतीला लागलं होतं. नव्या गोळ्यांची पुडी सिंधुच्या पिशवीत होती. पात्रात झिऱ्यांवर आता कुणी नव्हतं. पाणी पुन्हा पाझरायला रात्र जावी लागे. कमलम्मा सकाळच्याच जागी टेकली.

"सिंधु, एक सांगू? तवा तू धरा की म्हणालीस, ते मी कुणाला सांगितलं न्हाई."

 सिंधुही वाळूत बसली. "अक्का, मला ठाऊक नव्हतं ओ. रोज दिवा लावताना तेच म्हणते मी, मला ठाऊक नव्हतं..."

"गप. बोल लावून न्हाई राहिले. तुझ्याबिगर मला तिथवर नेलं असतं कुणी? आठ महिने जगले मी." ती थोडा वेळ वाळू मुठीत घेऊन सोडत राहिली. थरथरत्या मुठीतून वाळू धारेनं न पडता झटक्याझटक्यानं पडत होती. "पण आता काम हाय तुझ्याकडं. डोकं जाग्यावर हाय तवर बोलते. उद्याचं सांगता येत न्हाई."

"बोला, अक्का. मी मालकांशी भांडते. न्हाई नेऊ देत तुम्हाला."

"नेतील. पोरीचं लगीन व्हायचंय, त्यांचंबी चूक न्हाई." तिनं गळ्यातली लिंगाची चांदीची डबी पदरावरूनच चाचपली. "तिथं पहिल्या दिवशी अंगावरचं समदं काढून घेतेत. मागल्या बारीला माझा गळा रिकामाच व्हता, विहिरीनं घेतलं व्हतं. आता हे हाय. सासूपाशी दिलं तर ती स्वामीला सांगंल, यडीनं पुन्हा लिंग सोडलं म्हणून. तूच घे. तू आमच्यातली न्हाईस, शिवायचं न्हाई, समदं ठाऊक हाय मला. तुझ्या तसबिरीपाशी ठेव. रोज चमचाभर पाणी घाल, तुझ्या घागरीतलं. आणि ऐक नीट. मी येऊन मागीन. हसत मागीन, शिव्या देत मागीन, तुझ्या पाया पडून मागीन. तवा देऊ नको. गप येऊन बसले, तुझ्या भाकरीला नावं ठेवली आणि मग मागितलं, तर दे. आणि तशी मी आलेच न्हाई, तर मला मातीत ठेवायच्या आधी तू ये. लोक आडवे आले तरी ये, आणि ह्या हातात ठेव. डाव्या. तवा हलायचं न्हाई ते. एवढं करशील का, सिंधु?"