लाल डबीतलं कार्ड

दिपाली गिते रहाटणीत राहते आणि चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. भलंमोठं प्रेस मशीन बंद पडलं की तिला बोलावतात. बाईमाणूस म्हणून आधी नाकं मुरडणारे आता ‘मॅडम, जरा बघता का’ म्हणत मागे लागतात. पण तिचा जीव अडकलाय कॅमेऱ्यात. दोन वर्षं नातेवाइकांची बारशी फुकटात टिपल्यावर तिला लग्नाची पहिली खरी ऑर्डर मिळाली, आणि बाईचे पाय जमिनीवर ठरेनात!

पिंपरीच्या दुकानात कॅमेऱ्याची मेमरी कार्डं घ्यायला गेली, तर दुकानदार म्हणाला, “एकच मोठं घ्या ना मॅडम, अख्खं लग्न मावतंय त्यात.”

“आणि तेच बिघडलं म्हणजे?”

मशीनवाल्या बाईला स्पेअरशिवाय चैन पडत नाही. कॅमेऱ्यात कार्डाचे दोन खण होते. पहिल्यात आलटूनपालटून घालायला दोन लहान कार्डं आणि दुसऱ्यात दिवसभर न हलवायचं एक मोठं, असं तिने घेतलं. म्हणजे प्रत्येक फोटो दोन्हीकडे उतरणार. घरी येऊन तसं सेटिंगही केलं. फक्त ते चालतंय का, हे बघायचं राहिलं. आनंदाच्या भरात शहाणी माणसंही असंच करतात.

हळद चिखलीला होती. नवरीची आजी, सरूबाई, हळूच तिच्याजवळ आली.

“पोरी, माझा येक तरी बरा फोटू काढ. आधार कार्डावरची बाई मलाच वळखू येत न्हाई.”

नाती-सुनांनी आजीला हळदीने माखवलं आणि एरवी तोंडाला पदर लावणारी म्हातारी खळखळून हसली. दिपालीने नेमका तोच क्षण पकडला. तिला नाचावंसंच वाटलं! पहिलं लहान कार्ड भरलं तसं ते लाल डबीत घातलं, कोरं हिरव्या डबीत होतंच, आणि मदतीला आलेल्या नवऱ्याला, गणराजला, म्हणाली, “अहो, नवीन कार्ड टाका, मी आलेच.”

ती परत आली तेव्हा स्वारी खुशीत होती. “टाकलं बघ. लाल डबीतलं पुसून वापरलंय. हिरवीतलं ओके, म्हणून जपून ठेवलं.”

“लाल डबीतलं पुसलंत?”

“मग? लाल म्हणजे रिजेक्ट!”

गणराज क्वालिटीत कामाला. त्याच्याकडे लाल खूण लागलेला माल भंगारात जातो. दिपालीच्या मेंटेनन्समध्ये लाल पाटी म्हणजे मशीनला कुणीही हात लावायचा नाही. आठ वर्षांचा संसार, पण लाल रंगाचं बोलणं कधी झालंच नव्हतं.

दिपालीने त्याच्या हातून कॅमेरा घेतला. आता सगळी भिस्त दुसऱ्या खणातल्या मोठ्या कार्डावर, आणि ट्रायलशिवाय एकही मशीन चालू न करणाऱ्या बाईने त्याचीच ट्रायल घेतली नव्हती. तिने फोटो बघायचं बटण दाबलं.

हळद होती. करवल्या होत्या. आणि खळखळून हसणारी आजी होती!

दिपाली एवढ्या मोठ्याने ओरडली की वाजंत्रीवाले थांबले. तिने धावत जाऊन सरूबाईंपुढे कॅमेरा धरला. म्हातारी पदराने डोळे पुसत बघतच राहिली.

“व्हय गं, ही मीच हाय!”

गणराजने खिशातून मोबाइल काढला. “दिपा, हा फोटो यातही घे. स्पेअर कॉपी.”

“आणि हीपण पुसणार?”

“आजी पुसू देतील का?” तो म्हणाला.